चौथं कडवं

स्टीलचा डबा. कागद टाका, नाव नको.

लंडनमधलं क्रॉयडन, शुक्रवार दुपार. व्हिसा ऑफिससमोर मांडी घालून सतरा माणसं.

पहिला नियम: आपली कविता आपण वाचायची नाही.

ई-मेल: 'अकरा नंबरच्या खोलीबद्दल बाहेर लिहिल्यामुळे तुम्हाला कामावरून काढण्यात येत आहे.'

ई-मेल अक्षयाला आला होता. ती वृद्धांच्या एका केअर होममध्ये कामाला. नोकरी गेली की साठ दिवसांत व्हिसाही. आमचा व्हिसा मालकाच्या मुठीत नको, एवढंच सांगायला ही मंडळी दर शुक्रवारी कविता वाचत बसायची. डब्यात आणखी नऊ जणांच्या कविता होत्या. नाव फोडणारा सापडला नाही, तर पुढचा नंबर त्यांचा.

फोडणारा शोधायचं काम त्यांच्यातल्याच वरदाकडे आलं. वरदा सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधण्याचाच पगार घ्यायची, आणि चार दिवस हाती काही लागत नव्हतं. ती पार वैतागली होती.

"वाचताना कोणी रेकॉर्ड केलं असेल?" तिनं अक्षयाला फोनवर विचारलं.

"केलं असेल," अक्षया म्हणाली. "पण अकरा नंबरच्या खोलीतल्या आजोबांनी तीन तास पाणी मागितलं, ते चौथं कडवं वाचलंच नाही ना. मीच गाळायला लावलं."

"मग ते पाहिलं कोणी?"

"फक्त काकांनी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळं तेच उतरवून काढतात."

वरदा घरी पोचली तेव्हा दीनानाथकाका चहा गाळत होते.

"काका, मूळ कागद कुठेय?"

"फाडला. नियमच आहे आपला."

"त्याआधी कुणाला दिलात?"

"कुणाला नाही." गाळणं थांबलं. "म्हणजे, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाला पाठवली. अख्खी. इतकी चांगली कविता, तुकडा कसा पाठवू?"

"नावासकट?"

"फोटोसकट. पोरीचं नाव व्हायला नको?"

"अंक तर अजून निघालाच नाहीये."

"जाहिरातदारांना आधी जातो, बाई. पद्धत आहे."

वरदानं तिथूनच मंडळाच्या सेक्रेटरीकडून अंकाची पीडीएफ मागवली. मागच्या कव्हरवर केअर होमचे मालक यतीनराव हसत शुभ दीपावली म्हणत होते.

तिनं लगेच अक्षयाला पुन्हा फोन लावला. "वाचली तीन कडवी, मालकाला माहीत चौथं. म्हणजे त्याला कविता कागदावरूनच मिळाली. तो कागद एकट्या काकांकडे. काकांनी अंकाला दिला, अंक यतीनरावांना घरपोच गेला. आपल्यात हेर नव्हताच."

"काकांनी मुद्दाम केलं?"

"नाही गं. तेच तर. भांडू कुणाशी?"

काकांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. तिनं तो घेतला नाही.

पुढच्या शुक्रवारी व्हिसा ऑफिससमोर रिकामा डबा घेऊन एकटे दीनानाथकाका बसले होते; त्यांच्या हाती कागद द्यायला आता कोणी येत नव्हतं.