बाळ कुणाकडे?

खिंडीपलीकडच्या वस्तीचा झरा दरडीखाली गाडला गेला होता. माणसं गुरांच्या डबक्यातलं पाणी पीत होती, आणि लेकरं एकामागून एक जुलाबानं आडवी होत होती. तिथवर ना रस्ता, ना वीज. चुलीचं लाकूडसुद्धा खालून पाठीवर न्यावं लागे. म्हणून तिघांनी तिकडे न्यायचं ठरवलं ते मुठीत मावणारं एक गाळणं! त्याच्या आत केसांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांची जुडी. बादलीला जोडलं की पाणी आपल्याच वजनानं उतरे आणि रोगजंतू मागे राहत. इंधन नको, वीज नको, आणि किंमत चपलांच्या जोडाएवढी.

मोहिमेची पुढारी ताई. ती नर्स होती, आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिचा नवरा पाठीवर ओझं आणि तोंडात थट्टा, दोन्ही न थकता वाहणारा. तिसरा ताईचा धाकटा भाऊ, धंद्यानं प्लंबर. त्याला सगळे वॉशर म्हणत. गाळणं त्यानंच निवडलं, बादलीला तोटी त्यानंच बसवली, आणि निघण्याआधी दोघांना बसवून बजावलंही त्यानंच.

"याला थंडी लागू द्यायची नाही. आतलं पाणी गोठलं की नळ्या तडकतात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रात्री अंथरुणात, अंगाशी घेऊन झोपायचं."

"म्हणजे तान्हं बाळच की, मेहुणेबुवा!" भाऊजी म्हणाले.

झालं, नाव पडलं! रोज तंबूत दिवा मालवण्याआधी ताई विचारी, "बाळ कुणाकडे?" आणि ज्याची पाळी असेल तो म्हणे, "माझ्याकडे."

वाटेनं त्यांचे लाड केले नाहीत. ओढ्यावरचा ओंडका वाहून गेला होता, तेव्हा कमरेला दोर बांधून ते पाण्यात उतरले. मध्येच भाऊजींचा पाय निसटला! दोर ताणला. वॉशरनं खडकाला मिठी मारली. ताईनं नवऱ्याची कॉलर धरली आणि ओढलं, ओढलं, ओढलंच! पिठाची पिशवी तेवढी गेली.

"पिठापेक्षा नवरा बरा," ती धापा टाकत म्हणाली. "पण थोडाच."

खिंडीच्या पायथ्याशी तंबू पडला तेव्हा वारा अंग कापत होता. पाळी वॉशरची होती. दिवसभर वापरलेलं गाळणं गारेगार, आणि कितीही झटकलं तरी ठिबकत होतं. पांघरुणात घेताच बनियन भिजलं. जरा वेळ पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात राहू दे, अंग तापलं की घेऊ, असं मनाशी म्हणत त्यानं ते बाजूला ठेवलं.

"बाळ कुणाकडे?"

"माझ्याकडे," तो म्हणाला, आणि घोरू लागला.

सकाळी कप्प्यात हात घातला तर गाळणं दगड झालेलं! हलवलं तर आत बर्फ करकरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाण कोरडाही नव्हता. ताई तंबू उकलत होती. त्यानं गाळणं काखेत दाबलं, वितळवलं आणि बादलीला जोडलं. पाणी आलं, नेहमीसारखं नितळ. कदाचित काही झालंही नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. भाऊजींनी पेला रिकामा केला, "वा!" म्हटलं आणि पुन्हा भरला. ताई प्रवासात नेहमी चहाच घेई, म्हणजे उकळलेलं पाणी. वॉशरनं मात्र तहान नाही म्हणून सांगितलं आणि खिंड चढताना गुपचूप बर्फ चोखला.

खिंडीत सुटे दगड पायाखालून पळत होते. एक धोंडा भाऊजींच्या कानाशेजारून सणाणत गेला! तिघे कड्याला चिकटले, वाचले, उतरू लागले. आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी पोट धरून खाली बसले. आधी त्यांनी त्यावरही विनोद केला. मग विनोद थांबले.

"कालची शिळी भाकर मीच दिली यांना," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

वॉशरनं भाऊजींचं ओझं आपल्या पाठीवर घेतलं, तंबूही घेतला. खांदे सोलून निघाले, पण ओठावरची गोष्ट काही बाहेर पडेना. वस्ती दिसेपर्यंत त्याची मान वर झाली नाही. ताईला वाटलं, ओझ्यानं.

वस्तीवर माणसं आशेनं गोळा झाली. एका बाईच्या कडेवर मलूल बाळ होतं, डोळे खोल गेलेलं. ताईनं बादली भरली, गाळणं जोडलं, तोटीखाली वाटी धरली, मीठ-साखर ढवळली आणि वाटी आईच्या हाती दिली. चमचा बाळाच्या ओठांशी गेला.

"थांबा!"

वॉशरनं वाटीला फटका मारला. वाटी गडगडत गेली. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.

"ते गोठलं होतं. पायथ्याशी. मी अंगाशी घेतलंच नव्हतं, ताई. भाऊजींचं पोट भाकरीनं नाही बिघडलं."

ताई हळू आवाजात म्हणाली, "आणि तू प्यायलास त्यातलं?"

"नाही."

तिनं गडगडत गेलेली वाटी उचलली. भिंतीला टेकलेल्या भाऊजींनी एखादी थट्टा केली असती तर बरं झालं असतं, पण त्यांनी नुसते डोळे मिटले. लाजेनं माणूस मरत नाही, याचं वॉशरला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

पण ताईला थांबायला वेळ नव्हता. परतीसाठी राखलेलं रॉकेल तिनं स्टोव्हमध्ये ओतलं आणि बाळापुरतं, नवऱ्यापुरतं पाणी खळखळून उकळलं. बाकीच्यांसाठी तिनं पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या मागवल्या. निवळलेलं पाणी फडक्यातून गाळायचं, बाटलीत भरायचं आणि बाटली पत्र्यावर दिवसभर कडक उन्हात आडवी ठेवायची. ऊन जंतू मारतं. ढग आले तर दोन दिवस. वॉशरनं सुरी काढली आणि गाळणं सर्वांसमोर उभं चिरलं, चुकूनही कुणी पुन्हा जोडू नये म्हणून. नवीन आणायला तो एकटाच खाली जाणार होता.

सकाळी ऊन लख्ख पडलं. चमच्याचमच्यानं पाणी प्यायलेलं बाळ आता भोकाड पसरून रडत होतं, आणि त्याच्या आईला बाटल्या मांडायला छपरावर चढायचं होतं. जवळ वॉशरच उभा होता. "जरा धरा हो," म्हणत तिनं बाळ त्याच्या हातात दिलं आणि ती शिडी चढली.

तो हललाही नाही. बाळाचं ऊबदार डोकं त्याच्या सोललेल्या खांद्यावर टेकलं.

काही वेळानं बाळाचं रडणं थांबलं, तशी वरून, हात बाटल्यांत गुंतलेले, बाईनं घाबरून हाक दिली, "अहो, बाळ कुणाकडे आहे?"

दारात ताई उभी होती. ती हसली नाही. उत्तराची वाट पाहत राहिली.

"माझ्याकडे," वॉशर म्हणाला, आणि त्यानं बाळाला अंगाशी घट्ट धरलं.