उसनी स्टेपनी

मारी गावातून निघताना नोरीन पास्कोने गाडीत दोन पाव, नवऱ्याच्या, ट्रेवरच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दुकानातून मागून आणलेले रिकामे खोके टाकले. महिनाअखेर त्यांचं गुरांचं कुरण नव्या मालकाकडे जाणार होतं आणि घर आवरायला खोके पुरत नव्हते.

दुकानाच्या पायरीवर दुकानवाली बेरिल म्हणाली, "पोर्ट ऑगस्टात समुद्र आहे, नळाला गोडं पाणी आहे. सुटलीस बघ एकदाची!"

नोरीन नुसती हसली. तिला सुटायचं नव्हतं. पण ट्रेवरला या रस्त्यापासून लांब न्यायला हवं होतं. दोन वर्षं तो रोज संध्याकाळी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत असे, आणि हाक मारली तर दचकत असे.

ऊडनाडाटाच्या त्या कच्च्या रस्त्यावर मार्च महिन्यातही डांबर वितळेल असं ऊन असतं. डांबर नाही, एवढंच. लालसर, धारदार गोटे, मधेमधे करडी खारी झुडपं, आणि क्षितिजावर खोटं पाणी. गोट्यांनी मागचा डावा टायर कापला तेव्हा नोरीनने शांतपणे जॅक लावला, पाना फिरवला, स्टेपनी चढवली. चाळीस वर्षं ती या रानात राहत होती. पंक्चर म्हणजे तिला चुलीवर दूध उतू जाण्याइतकी साधी गोष्ट.

पण थोडं पुढे गेल्यावर गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली. स्टेपनीच्या कडेला बोटभर चीर पडली होती. एरवी ट्रेवर दोन स्टेपन्या दिल्याशिवाय तिला फाटकाबाहेर पडू देत नसे. दुसरी त्याने काल सामानाच्या ट्रेलरला लावली होती.

नोरीनने गाडी बंद केली. गाडी सोडून चालायचं नाही, हे इथे पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. गाडी दिसते, माणूस दिसत नाही. ती गाडीच्या सावलीत बसली, पाण्याचा डबा जवळ ओढला, आणि जे मनात येऊ नये ते आलंच.

टॅम्सिनलाही हे शिकवलं होतं. तरी टॅम्सिन चालत निघाली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, इथल्या ऐन उन्हाळ्यात, लेक ख्रिसमसला घरी येत होती. न कळवता, आईबापाला चकित करायला. म्हणून तिची वाट कोणी पाहिलीच नाही. गाडी सापडली तेव्हा टायर फाटलेला होता आणि स्टेपनीची जागा रिकामी. चौकशीत लिहिलं गेलं की मुलगी स्टेपनीशिवाय निघाली. गावातही तेच म्हणत. "शिकलेली पोर, आणि एवढी साधी अक्कल नको?" ट्रेवरने ती स्टेपनी स्वतः बसवली होती, नट आवळले होते. पण सगळ्यांनी इतकं विचारलं की शेवटी त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. "मी आवळले होते ना गं, नॉर? की विसरलो?" नोरीन म्हणायची, "आवळले होतेस." तिने पाहिलं होतं. पण मग स्टेपनी गेली कुठे, हे तिलाही कळत नव्हतं.

गावाच्या दिशेने धूळ दिसली. एक जुनी पांढरी गाडी येऊन थांबली.

"काय हो बाई, अडकलात वाटतं?" चालवणारा तरुण खिडकीतून डोकावला. त्याच्या शेजारी बायको होती, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. काही दिवसांचंच असेल. आरशाला चंदेरी झालर गुंडाळलेली होती.

"स्टेपनीही गेली," नोरीन म्हणाली.

"मग नशीबच की तुमचं! आमच्याकडे एक आहे. आमची नाही म्हणा, पण तुमची अडचण मोठी." तो उतरला, मागचं दार उघडून चाक बाहेर काढलं आणि घरंगळत आणलं. "फक्त एक करा. पुढे पास्कोंचं कुरण आहे ना, तिथे पोचती करा. आम्ही तिकडेच निघालो होतो. आमचं काम वाचेल."

चाकाच्या लोखंडी चकतीवर पिवळ्या रंगाचा जाड पट्टा होता. ट्रेवर आपल्या प्रत्येक चाकाला तसा पट्टा ओढत असे, तोही वाकडा.

नोरीन उठून उभी राहिली. "मीच नोरीन पास्को," ती म्हणाली.

"अरे वा! म्हणजे तुम्ही टॅम्सिनच्या आई!" बायको गाडीतूनच हसून बोलली. "किती गोड मुलगी हो तुमची! सकाळी आम्ही असेच अडकलो होतो. ऊन वाढत होतं, बाळ नुसतं रडत होतं. तिने थांबून स्वतःची स्टेपनी काढून दिली."

"मी नको म्हणत होतो," तरुण म्हणाला. "तर म्हणते कशी, मला काय, तासाभरात घरी पोचेन. तुम्ही आधी बाळाला सावलीत न्या. गावात नवा टायर मिळाला, म्हटलं लगेच परत करावी. दुसऱ्याची स्टेपनी ठेवून कसं चालेल? ख्रिसमस परवावर आलाय. राहून गेलं असतं."

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. नखांत ग्रीस होतं. बाळाने जांभई दिली.

"आज सकाळी?" तिने विचारलं.

"हो, आजच."

त्याने स्वतःच जॅक लावला, चाक चढवलं. नोरीन पाना हातात धरून उभी राहिली. तिला वाटलं, ओरडावं. मागे फिरा, तिला गाठा, ती आत्ता कुठेतरी चालतेय, असं सांगावं. पण चालतेय कुठे? टॅम्सिन सापडली त्या जागेवर तिने आणि ट्रेवरने मिळून क्रॉस रोवला होता. येताना ती त्याच्याच समोरून आली होती.

निघताना बायकोने काच खाली केली. तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा काळजीत दिसला.

"पोचली ना हो ती नीट घरी?"

वारा पडला होता. माश्यासुद्धा बसत नव्हत्या.

"पोचली," नोरीन म्हणाली. "केव्हाच पोचली."

"बरं झालं बाई. दिवसभर जिवाला घोर होता."

ते गावाच्या दिशेने वळले. नोरीन त्यांची धूळ विरेपर्यंत बघत राहिली. मग गाडीत बसली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि दोन वर्षांत रडली नव्हती तशी रडली.

घरी कशी आली ते तिला नीट आठवत नव्हतं.

ट्रेवर ओसरीवरून उतरून आला. चाकाशी थबकला, गुडघ्यावर बसला. पिवळ्या पट्ट्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"कुठे मिळाली?"

"तिने दिली होती, ट्रेव. तान्हं बाळ घेऊन अडकलेल्या जोडप्याला. तू नट आवळले होतेस. तू काही विसरला नव्हतास."

त्याने चाकाला कपाळ टेकलं. त्याची पाठ हलत राहिली. नोरीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं, आणि तिच्या मागे, रस्त्याकडे.

"नॉर, फाटकं उघडायला तू उतरलीस?"

मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत तीन फाटकं होती. शेजारी बसलेल्याने उतरायचं, उघडायचं, गाडी गेली की लावायचं, अशी इथली रीत. एकट्याला सगळं स्वतःच करावं लागतं. लहानपणी ते काम टॅम्सिनचं असे; ती फाटकाच्या खालच्या पट्टीवर चढून झोका घेत यायची.

नोरीनने आठवून पाहिलं. ती एकदाही उतरली नव्हती.

"मी इथून बघत होतो," ट्रेवर हळू आवाजात म्हणाला. "शेवटच्याला तू थांबलीस. बसून राहिलीस. फाटक आपोआप उघडलं. सावकाश, जड होऊन. खालच्या पट्टीवर कोणी उभं राहून झोका घेत यावं, तसं."

दोघांनी तिकडे पाहिलं. फाटक बंद होतं. साखळी लावलेली होती, आतून, घराच्या बाजूने.