पहिल्या टेकमधला पट्टा

ही घडलेली गोष्ट आहे. विल्मामावशीने ती मला एकदाच सांगितली, आणि सांगताना वही समोर ठेवली होती.

१९३४चा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या डोंगरांतलं एक गोठलेलं तळं. तिथे सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. एका दृश्यात दिसलेलं पुढच्या दृश्यात तसंच दिसतंय ना, हे पाहून टिपून ठेवणं मावशीचं काम.

सहा कुत्री घसरगाडी ओढत तळं पार करून गेली. टेक झकास झाला.

मावशीने लिहिलं... म्होरक्याच्या गळ्यात पट्टा नाही.

आदल्या दृश्यात म्होरक्याच्या, स्किपरच्या, गळ्यात घंटीचा पट्टा होता. आज तो राहून गेला होता.

"पट्टा कोण बघतंय?" दिग्दर्शक म्हणाला.

"मी बघितलं. पुन्हा घ्या."

"बाईंच्या वहीपुढे आमचं काय चालणार."

कुत्र्यांचा मालक ऑस्मुंड हळूच तिच्याजवळ आला.

"बाई, ऊन चढलंय. बर्फ आता सकाळसारखा राहिला नाही. जाऊ द्या ना."

तिने ऐकलं. तिला पटलंही.

तरी तिने वहीतली ओळ खोडली नाही.

ऑस्मुंडने आपल्या हाताने स्किपरला पट्टा बांधला.

दुसऱ्या टेकला तळ्याच्या मध्यावर बर्फ फुटला. ऑस्मुंडने दोर कापून पाच कुत्री ओढून काढली. स्किपर सगळ्यांच्या पुढे होता.

पाण्यातून घंटी थोडा वेळ ऐकू आली...

मग नाही.

दोन महिन्यांनी, हॉलीवूडमध्ये, भर दुपारी संकलन करणाऱ्या मार्गोने तिला बोलावलं.

"दिग्दर्शकसाहेबांनी सिनेमात पहिलाच टेक घेतलाय. पट्ट्याचं कुणाला कळतंय, म्हणतात."



दिवे मालवले. पडद्यावर कुत्री धावू लागली. या तुकड्याला आवाज अजून जोडलेला नव्हता.

तरीही...

किण. किण.

"मार्गो, आवाज बंद कर."

"कसला आवाज? शांत तर आहे सगळं."

म्होरक्या कॅमेऱ्याजवळ आला.

गळ्यात पट्टा होता.

आणि अंगावरचे केस... ओले, चिकटलेले. त्यांतून पाणी गळत होतं.

"पट्टा तर आहे की," मार्गो म्हणाली. "मग पुन्हा कशाला घ्यायला लावलंस गं?"

ती वही आता माझ्याकडे आहे. शिसपेन्सिलीने स्वच्छ लिहिलंय... पट्टा नाही.

सिनेमा मी तीनदा पाहिला. पट्टा आहे.

शेवटच्या आजारपणात मावशीने माझा हात धरून विचारलं, "त्या दिवशी मी नीट पाहिलं होतं ना?"



चौथ्यांदा सिनेमा पाहायचं धाडस होत नाही. तिसऱ्या वेळी मी आवाज पूर्ण बंद करून बसले होते...

घंटी तरीही ऐकू आली.