रेघेच्या पायऱ्या

चार्जर शोधायला मी तपासणीच्या खोलीत शिरले, तेव्हा तो माउसवर बोट ठेवून ढिम्म बसला होता.

"काही अडकलंय का?"

"मीच अडकलोय. इथे लिहिलंय, माउसचं डावं बटण दाबा. दाबलं. पण सोडा असं कुठेच लिहिलेलं नाही."

"अहो, ते कुणालाही कळतं!"

"मला नाही कळत. त्याचाच तर पगार मिळतो." त्यानं मान वळवली. चेहरा गंभीर, डोळे मात्र हसत होते... "हे पुस्तक लिहिणाऱ्या बाई भेटल्या तर सांगा, बोट दुखायला लागलंय."

त्या बाई म्हणजे मीच. माझे कान तापले. "सोडा," मी फणकाऱ्यानं म्हटलं. त्यानं इतक्या आज्ञाधारकपणे बोट उचललं, की पुढचं रागवायचं राहूनच गेलं.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ते कसं वापरायचं याची पुस्तकं मी लिहायचे, आणि तो त्यांचा नवा परीक्षक. पुस्तकात लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हे त्याचं काम. ऑफिसनं त्याचं नाव 'तंतोतंत' पाडलं होतं. त्याच्यामुळे मला पुस्तकाचं पहिलं पान नव्यानं लिहावं लागलं. कीबोर्डची कळ चौकटीत, माउसचं बटण ठळक अक्षरात, दोन कळा एकदम दाबायच्या तर मध्ये अधिकचं चिन्ह. आणि जिथे बोट दाबूनच ठेवायचं, तिथे शब्दाखाली रेघ.

"रेघ फार नाजूक झालीय," तो म्हणाला.

"जाड केली तर लोक घाबरतील."

"मग राहू दे. तुमच्यासारखीच आहे."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे... दिसायला नाजूक, पण ओलांडायची हिंमत होत नाही."

त्या दिवशी मी चुकीच्या बसमध्ये चढले, आणि तेही बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

'तुम्ही'चं 'तू' झालं. डबे एकत्र उघडायला लागले. आणि मग पुस्तकातल्या माझ्या पायऱ्या नापास व्हायला लागल्या, फक्त रेघेच्या, बोट दाबून ठेवायच्या. प्रत्येकीपुढे त्याचा एकच शेरा: लिहिल्याप्रमाणे होत नाही. मी तणतणत त्याच्या टेबलाशी गेले.

"कसला सूड उगवतोयस? ही पायरी मी स्वतः करून बघितलीय."

"माझ्याकडून होत नाही."

"मग नीट कर ना!"

त्यानं केलं. बटण दाबलं, पडद्यावरची चौकट ओढायला घेतली... आणि बोट थरथरून आपसूक सुटलं. पुन्हा केलं. पुन्हा सुटलं. त्याच्या अंगठ्याजवळचं मांस खोल गेलेलं मला तेव्हा कुठे दिसलं. इतके दिवस मी नुसते डोळेच बघत होते, मूर्ख!

"दादाचंही असंच सुरू झालं होतं," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरांकडे जाऊन आलोय. तोच स्नायू झिजण्याचा आजार आहे. राजीनामा दिलाय मी."

"आणि मी?"

"तुझं अजून काही बिघडलेलं नाही. तू... जा."

"ते ठरवणारा तू कोण?"

"आधी दादाला बघ. मग भांड."

रविवारी त्याच्या घरी गेले. दादा पलंगावर होते. त्यांचे फक्त डोळे हलत होते, आणि ते डोळे थेट याचेच होते. याला वहिनींनी बाहेर पिटाळलं.

"बसू नकोस, हात धू," त्या मला म्हणाल्या. "मान धर. दोन्ही हातांनी. मान कलली की श्वास अडकतो."

मी धरली. माणसाची मान इतकी जड असते, हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी पाठ पुसली, पावडर लावली, खालची चादर बदलली. मला दरदरून घाम फुटला.

"मी लग्न केलं तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक आहे. झोप विसरावी लागेल. आणि चिडशील, त्याच्यावरच चिडशील. मी ह्यांच्यावर चिडते."

"आधी कळलं असतं तर?"

वहिनींनी दादांच्या कपाळावरचे केस मागे सारले. "माहीत नाही गं. खोटं कशाला बोलू?"

तो जिन्यात उभा होता.

"बघितलंस?"

"हो. मला भीती वाटतेय. पळत सुटावंसं वाटतंय."

"मग पळ ना. मी वाईट नाही मानणार."

"पण तू आवडतोस रे मला! त्याचं काय करू?"

डाव्या बाहीनं तो डोळे पुसत राहिला. "तूही," शेवटी म्हणाला. "पहिल्याच दिवसापासून. म्हणून तर जा म्हणतोय."

"मी राहणार आहे. रडेन, चिडेन, तुला वाट्टेल ते बोलेन. पण राहणार."

तो हो म्हणाला नाही. आतून वहिनींची हाक आली, "एकजण या रे, यांना पाणी पाजायचंय!"

"मी जातो," तो म्हणाला.

"तुझ्याच्यानं मान धरवणार नाही आता," मी म्हटलं, आणि आत गेले.

दादांच्या मानेखाली मी हात घातले. वहिनींनी चमचा पुढे केला. तो दारात उभा राहून बघत होता, दादांकडे नाही, माझ्या हातांकडे.