आवाज आहे, पाखरू नाही!

"शू! हलू नकोस, ढब्बू! तुझं पोटसुद्धा हलतंय!"

"त्याला भूक लागलीय, ताई!"

ताई, ढब्बू आणि धाकटी भिंगरी सुट्टीला मावशीकडे आली होती आणि सध्या बागेत पालथी पडली होती. प्रकरणच तसं होतं. भर शहरातल्या त्या बागेत दिवसभर किलबिलाट चाले, पण पाखरू औषधालाही दिसत नसे! मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, हौसेने ठेवलेले दाणे खाऊन फक्त मुंग्या लठ्ठ झाल्या होत्या.

कुंपणातल्या घरट्यात मात्र बुलबुलाची दोन पिल्लं चोची वासून बसली होती. त्यांची आई अळी घेऊन तारेवर येई, पण "किक्-की! किक्-की!" असा आवाज आला की भुर्रकन पळून जाई. पिल्लं आता जेमतेम चिवचिवत होती.

"ताई, ती मरतील का गं?" भिंगरीने विचारलं.

"किक्-की!"

भिंगरी आवाजाच्या रोखाने धावली आणि तिने वेलीत डोकं खुपसलं. "सापडला! या पक्ष्याला वायर आहे!"

स्पीकर! सगळा किलबिलाट त्यातूनच येत होता. "आणि हा 'किक्-की' शिक्र्याचा आहे," ताई म्हणाली. "तो बुलबुलांना धरून खातो!"

मुलं सांगायला गेली तर स्पीकर लावणारे काका उखडलेच. "मला शिकवता? आवाज ऐकूनच पक्षी येतात! खबरदार स्पीकरला हात लावलात तर!"

ढब्बूने साळसूद चेहरा केला. "बरं काका, तुमचा व्हिडिओ काढू या? 'पक्षिमित्र काका'! फक्त मागे गोंगाट नको."

काका विरघळले! स्वतःच स्पीकर बंद करून, केस विंचरून कुंपणाजवळ बसले. "बोलू?"

"आधी नुसते गप्प बसा. हलायचं नाही!"

काकांच्या नाकावर माशी बसली. तेवढ्यात बुलबुल त्यांच्या कानाजवळून थेट घरट्यात शिरली! अळी गडप! मग दुसरी खेप, तिसरी खेप. काका माशी उडवायचं विसरले. त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्यामुळे उपाशी होती रे बिचारी पिल्लं," ते पुटपुटले. "पोरांनो, माझ्यापेक्षा तुम्हीच शहाणी!"

दारात उभी असलेली मावशी म्हणाली, "शाब्बास रे! यांना इतका वेळ गप्प बसवणं मला लग्नापासून जमलं नव्हतं!"