इंग्रजीच्या तासाची झोप

हिंगणघाटच्या त्या शाळेत मधली सुट्टी संपली की दहावीचा वर्ग झोपायचा. मागच्या बाकावर चोरून नव्हे, तर चांगल्या सतरंज्या अंथरून, पडदे ओढून, चपला दाराशी काढून. कारण तो तास इंग्रजीचा होता. वर्गात डुलक्या काढल्या म्हणून ज्यांच्या पाठीत धपाटे बसले, त्यांच्याच पोरांना आता झोपण्याचे गुण मिळत होते. घ्या!

झिलपे मॅडम नुसत्या मोज्यांवर चालत. प्रत्येकाच्या कपाळावर बोटभर रुंदीची मऊ पट्टी लावत आणि मग खुर्चीत बसून पोरांच्या मिटल्या पापण्यांखाली फिरणारी बुबुळं बघत राहत. त्या पट्टीला स्वप्नपट्टी म्हणत. ती सिनेमा दाखवत नसे. कवितेचे शब्द आणि त्यांतला भाव ती झोपलेल्या मेंदूत हलकेच सोडे; चित्र ज्याचं त्यानं रंगवायचं. कवितेत नदी आली की मेंदू आपल्या साठ्यातली एखादी नदी उचले, माणूस आला की माणूस. साठ्यात जे नसेल, बर्फ म्हणा, धुराडं म्हणा, परका पेहराव म्हणा, तेवढं पट्टी पुरवी.

याआधी मॅडम इंग्रजी कविता कशी शिकवत, ते वेगळं सांगायला नको. एक ओळ वाचायची, तिचा मराठीत अर्थ सांगायचा, पुढची ओळ वाचायची. शेवटी रसग्रहण फळ्यावर लिहून द्यायचं आणि पोरांनी ते घोकायचं. कविता कुणालाच दिसत नसे. मॅडमना स्वतःलाही दिसत नसे, आणि हे त्यांचं खरं दुःख होतं. पट्टी आली आणि पोरं डोळे चोळत उठून चक्क इंग्रजीत सांगू लागली, की धुकं किती गार होतं आणि होडी किनाऱ्याला लागली तेव्हा पोटात कसं हललं. अशा दुपारी मॅडमना नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

सहामाहीनंतर एक छोटी कविता आली. संध्याकाळ आहे, बर्फ पडतोय, फाटकाशी कंदील घेऊन एक बाई लेकराची वाट बघत उभी आहे. लेकरू येतं, बाई त्याच्याशी एक ओळ बोलते आणि त्याला आत घेते. बस, एवढंच. त्या तासाला तृषा ढबाले जागी झाली ती हसतच. वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी. ती आठवीत असताना आई वारली, वडील एसटीवर ड्रायव्हर. त्या दिवशी तिनं लिहिलेलं उत्तर मॅडमनी घरी नेऊन पुन्हा वाचलं. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा त्यात होता, आणि तो कवितेत कुठेही नव्हता.

मग तृषा रोज तीच कविता मागू लागली. उजळणीसाठी, म्हणे. एकच स्वप्न वारंवार देऊ नये अशी सूचना पट्टीच्या डबीवर छापलेली होती आणि मॅडमनी ती वाचलीही होती. पण पोरगी इंग्रजीत पहिली येत होती, गालावर तजेला आला होता, आणि ती आईला भेटते तर त्यात कुणाचं काय जातं? माणूस हळवा झाला की वाचलेलंही न वाचल्यासारखं करतो. मॅडम देत राहिल्या.

फेब्रुवारीत तृषाचे वडील, सुखदेव ढबाले, खाकी गणवेशातच शाळेत आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं, की बायकोच्या पुण्यतिथीला घरी नातलग जमले होते. आत्यानं तृषाला सहज विचारलं, आईची कोणती आठवण येते गं? तृषा सांगू लागली. आई लांब राखाडी कोट घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "यू आर कोल्ड, चाइल्ड. कम इन." सगळे हसले. तृषा हसली नाही. तिला कळेचना, लोक कशाला हसतात.

"मॅडम, पोरीले तिची माय इंग्रजीत आठवते," सुखदेवभाऊ म्हणाले. "तिच्या मायले तं इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता."

मॅडमनी तिथेच तृषाला बोलावून घेतलं आणि समजावलं. आठवण ही भिंतीवरच्या फोटोसारखी नसते. दरवेळी बाहेर काढली की ती कणकेसारखी नव्यानं मळली जाते, आणि मळताना हाताला जे लागलेलं असेल ते तिच्यात जातं. तू आईला रोज बर्फात मळते आहेस. आता थांब, नाहीतर खरी होती ती उरणार नाही.

तृषाला हे आधीच उमगलं होतं. "खरी होती ती शेवटी दवाखान्यात मला ओळखत नव्हती," ती म्हणाली. "ही रोज ओळखते."

बापानं मान खाली घातली. मॅडमना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पट्ट्या कपाटात ठेवल्या, पोरांना जागंच बसवलं, सुखदेवभाऊंना मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि तीच कविता मोठ्यानं वाचायला घेतली. एक ओळ वाचायची आणि थांबायचं, अगदी पूर्वीसारखं. फक्त अर्थ त्यांनी सांगायचा नाही, तृषानं सांगायचा. अट एकच, बाई हिंगणघाटची आहे असं समजायचं. तृषा अडखळत सांगू लागली. बर्फाच्या जागी धूळ आली, कंदिलाच्या जागी टॉर्च. वर्ग गुंगल्यासारखा ऐकत होता. कुणी झोपलं नव्हतं, पण पुरतं जागं होतं असंही म्हणवत नव्हतं. मग बाई बोलते ती ओळ आली, आणि तृषा गप्प झाली. तिच्या ओठांवर काहीच येईना. मॅडमनी ओळ पुन्हा वाचली, तरी नाही.

शेवटी मागून सुखदेवभाऊच बोलले. "आली का वं पोरी? हात-पाय धुऊन घे. असं म्हणे ती."

तृषा वळली. "नाही बाबा, हात-पाय तुम्ही धुवायला सांगता. ती म्हणायची," आणि इथं तिचा आवाजच बदलला, जाडसर झाला, "आली का वं माय? दम घे, मंग सांग."

हे खरंच आठवलं होतं, की गरज पडली म्हणून आत्ताच, या क्षणी तयार झालं होतं? मॅडमना ओळखता येईना. सांगू शकेल असं माणूस एकच होतं, म्हणून त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. सुखदेवभाऊंचा चेहरा पार उतरला होता.

तास सुटला, तृषा मैत्रिणींबरोबर बाहेर गेली, तरी ते बसूनच राहिले. पहाटेची गाडी, रात्रीचा मुक्काम. पोरगी शाळेतून यायची त्या वेळी ते कधी घरी नव्हतेच. बायको तिला काय म्हणायची, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, नुसतं ठोकून दिलं होतं. मग ती आपल्याशी काय बोलायची, हे ते आठवू लागले. डबा घेतला का, एवढंच सापडलं. तेही शब्दच; आवाज काही केल्या सापडेना.

मॅडम कपाटाला कुलूप लावत होत्या. सुखदेवभाऊ जवळ येऊन उभे राहिले आणि बाहेर पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मॅडम, थे पट्टी मोठ्या माणसाले लावता येते का?"