आमश्याने तोडलेला साग

वनरक्षकाच्या नोकरीत अकरा वर्षं काढली, त्यामुळे आजारी पडणारा आरोपी मला नवा नाही. पंचनाम्यावर अंगठा द्यायची वेळ आली की यांच्या पोटात दुखतं. आमश्याच्या छातीत दुखत होतं, एवढाच काय तो फरक.

यावलच्या वरच्या जंगलात त्याने साग तोडला होता. मुलीच्या, रुपलीच्या, नव्या घराच्या चौकटीसाठी. आडव्या पडलेल्या झाडाच्या वाळक्या फांदीत सुतार पक्ष्याची ढोली निघाली. तपकिरी टोपीच्या, चिमणीएवढ्या जातीची. ढोली रिकामी होती.

"झाड तोडाना पहिले उलटी कुर्‍हाड ठोकतस," आमश्या म्हणाला. "मजारतीन जवाब उना तं झाड सोडी देतस. जवाब उना व्हता, साहेब. तरी मी तोडं."

"आतून जवाब आला? मग?"

"आते तो मना छातीमा शे."

हे पंचनाम्यात लिहू की काय? बापलेकीने मला बनवायचं ठरवलंय, याबद्दल मला शंका नव्हती. झाड तोडल्यापासून तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते हे खरं, पण उपाशी राहूनही गाल बसतात. सोंग उघडं पाडावं म्हणून भर दुपारी जीपमध्ये घालून त्याला आणि रुपलीला यावलच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर दिपमालांनी नळी त्याच्या छातीवर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"जवळ कुठे सुतारकाम चाललंय का?"

बाहेर फक्त ऊन होतं.

विचार करता करता त्यांनी पेनाने टेबलावर दोनदा ठोकलं. दचकून नळी कानातून काढली.

"आतून उत्तर येतंय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि नाडी बुडत चाललीय. हा माणूस हातचा जाईल."

बापाच्या छातीकडे बोट दाखवत रुपलीने माझी बाही धरली. "साहेब, सांगा ना त्याले, झाड मना बापनी नही तोडं."

मला भयंकर राग आला. म्हणजे डॉक्टरीणबाईही यांना सामील!

"बरं बाई, मी तोडलं. साग मी तोडला. झालं समाधान?"

आमश्याने लांब श्वास घेतला.

डॉक्टरांनी नळी लावली. टेबलावर ठोकलं. वाट पाहिली. परत ठोकलं.

"आता काहीच नाही," त्या म्हणाल्या. "नाडीही भरतेय."

रुपली रडायला लागली.

त्यांनी खात्रीसाठी पुन्हा पेन उचललं.

"ठोकू नका," मी म्हणालो, आणि शर्टाच्या छातीवरच्या खिशावर हात घट्ट दाबून धरला.